मिठागरांतील तांबडें शेवाळ

उपनगरांतील आमच्या वाचकांस मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील मिठागरें नवीं नाहींत. त्यांतील कित्येक आतां ओस पडलीं आहेत, ही गोष्ट वेगळी. खाडीचें पाणी वाफ्यांत कोंडून उन्हानें आटूं लागलें आणि मीठ बसण्याची वेळ आली, म्हणजे अशा पाण्यास पुष्कळ देशांत तांबूस झांक आलेली दिसते. ती मलिनता नव्हे. तो सूक्ष्म जीवांचा वर्ण होय. त्यांपैकीं कांहीं जीवाणूंसारखे क्षारप्रिय जीव असतात. लोणारचें सरोवर २०२० च्या जून महिन्यांत गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें त्यांच्याकडेच बोट दाखविलें. दुसरें असतें तें डुनालिएला नांवाचें शेवाळ, आणि आज आम्हांस त्याविषयींच लिहावयाचें आहे.

संस्कृत काव्यांत शैवल येतें तें बहुधा कमळाच्या शोभेपुरतें. हें शेवाळ कमळाजवळ वाढणारें नव्हे. १८३८ सालीं ड्युनाल या फ्रेंच शास्त्रज्ञानें तें दक्षिण फ्रान्समधील मिठागरांत पाहिलें, व १९०५ सालीं त्याचेंच नांव त्यास मिळालें. याच्या पेशीस कठीण कवच नाहीं. बाहेरील क्षाराशीं तोल राखण्यासाठीं ती आपल्या पोटांत ग्लिसरीन सांठविते. प्रखर उन्हापासून रक्षण व्हावें म्हणून बीटा-कॅरोटीन हें रंगद्रव्य ती इतकें निर्माण करिते कीं, वाळलेल्या शेवाळाचा दहावा हिस्साही तेंच भरतें. गाजराचा रंग तो हाच. प्रकाशानें उत्तेजित झालेला प्राणवायु पेशीच्या पातळ आवरणांतील स्निग्ध पदार्थ नासवितो; हें द्रव्य त्याची अधिक शक्ति आपणाकडे घेऊन उष्णतेच्या रूपानें सोडून देतें आणि स्वतः शाबूत राहतें. ठाण्याच्या खाडींत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची लालीही शेवाळांतील याच कुळाच्या रंगांची. त्यांचीं पिलें करडीं असतात.

खाडीच्याच कांठीं, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं २००० सालीं क्लोरोफिलिनविषयीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेवाळ काय किंवा पालेभाजी काय, दोहोंच्याही हिरव्या रंगापासून तें तयार होऊं शकतें. उंदरांच्या यकृतांतील पेशींचीं ऊर्जाकेंद्रें वेगळीं काढून त्यांवर गॅमा किरण सोडले असतां, क्लोरोफिलिनमुळें आवरणांची हानि कमी झाली. मोठें कुतूहलाचें कार्य! पण तें कांचपात्रांत घडलें, ही गोष्ट वेष्टन छापणारे विसरतात.

सांप्रत औषधांच्या दुकानांतून शेवाळाच्या गोळ्या व भुकट्या विकावयास असतात, आणि वडील मंडळींसाठीं घरचीं मुलें त्या भक्तीनें आणतात. त्यांनीं फिनलंडमधील प्रयोगाची हकीकत अवश्य वाचावी. ५० ते ६९ वर्षें वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा तो प्रयोग. त्यांतील निम्म्यांस रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन पांच ते आठ वर्षें दिलें गेलें. फुफ्फुसाचा कर्करोग घटावा अशी अपेक्षा होती. १९९४ सालीं निकाल आला तो शेंकडा १८ वाढीचा. अमेरिकेंतील तशाच प्रयोगांतही वाढच दिसली, म्हणून १९९६ सालीं तो मुदतीपूर्वीं थांबविला. तेथें कृत्रिम द्रव्य वापरलें, आमचें निसर्गाचें आहे, असें विक्रेते म्हणतात. विडी ओढणाऱ्या माणसांवर निसर्गाच्या द्रव्याची तितकीच मोठी परीक्षा झाल्यावांचून हें समाधान आम्हांस पटत नाहीं. ज्या घरांत कोणी धूम्रपान करितो, तेथें या गोळ्या न आणलेल्या बऱ्या. गाजर, पालेभाजी खाण्यास मात्र कांहींच हरकत नाहीं.

शाकाहारी कुटुंबांसाठीं आणखी एक सूचना. स्पिरुलिना हें निळें-हिरवें शेवाळ बी-१२ जीवनसत्त्वासाठीं पुष्कळजण घेतात. त्यांत मुख्यतः आढळतें तें त्या जीवनसत्त्वासारखें दिसणारें, पण मनुष्यदेहास निरुपयोगी असें द्रव्य. ती उणीव दूध-दह्यानें भरून येत नसेल, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घेऊन खरें बी-१२ घ्यावें.