लिलावातलं जुनं लष्करी बक्कल खरं की बनावट? कसं ओळखतात?

अमेरिकन यादवी युद्धातल्या (1861-65) सैनिकांच्या पट्ट्यांवरच्या पितळी बक्कलांना लिलावात आजही मागणी असते. त्यामुळे नकलाही भरपूर. मग खरं-खोटं ठरतं कसं?

आधी मागची बाजू

उत्तरेकडच्या फौजेचं 'यूएस' अक्षरांचं लंबगोल बक्कल पितळेच्या पातळ पत्र्यावर ठसा मारून बनायचं. मागच्या खोलगट भागात शिसं ओतून त्यातच आकडे बसवले जायचे. दीडशे वर्षांत शिशावर करडा-पांढरट थर चढतो. ते नव्यासारखं चकाकत असेल, तर शंका घ्यायला हवी.

मग माप

खऱ्या बक्कलावरून साचा काढून ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा बोथट होतात, बारीक छिद्रं दिसतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल किंचित लहान भरते. पण ओतीव म्हणजे नकलीच, असं नाही. तलवारीच्या पट्ट्याची 1851 च्या नमुन्याची गरुडछाप बक्कलं मुळातच ओतीव होती.

पुस्तकच खोटं निघालं तर?

'टिफनी'च्या नावाची बनावट बक्कलं खरी वाटावीत म्हणून 1950 साल छापलेलं एक खोटं संदर्भ-पुस्तकच बाजारात आलं होतं. जे. डंकन कॅम्पबेल यांनी 1973 मध्ये हा बनाव पुस्तक लिहून उघड केला.

थोडक्यात, वस्तूसोबत आलेल्या कागदापेक्षा वस्तूच तपासायची. बोली लावण्याआधी मागच्या बाजूचा फोटो आणि नेमकं माप मागा. नकली निघाल्यास पैसे परत मिळतील का, हेही तेव्हाच विचारून घ्या.