पायी पावागड

बडोद्यात राहणाऱ्या माणसाने पर्वत पाहावयाचा म्हटले की त्याच्या मनात एकदम अबू, सापुतारा, महाबळेश्वर अशी नावे येतात, आणि त्यामागोमाग मोटारीचे भाडे, हॉटेलची खोली व दोन दिवसांची रजा यांचा हिशेब येतो. वस्तुतः थंडीच्या दिवसांत हवा स्वच्छ असली म्हणजे आपल्याच शहरातील एखाद्या उंच गच्चीवरून ईशान्येकडे जी एकाकी निळी आकृती दिसते, तो पावागड येथून अवघा पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. आपल्या कमाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री नदी याच डोंगरावर उगम पावते. ज्या नदीच्या पुराची धास्ती आपण दर पावसाळ्यात घेतो, तिचे माहेर एका दिवसात पायी पाहून येता येते, आणि तेही थोडक्या पैशांत. ते कसे, हे आज सांगावयाचे आहे.

थोडक्या पैशांत, असे मी म्हणालो, त्याला एक कारण आहे. आम्ही सात जण शाळेपासूनचे मित्र. कोणी बँकेत, कोणी दुकानात, मी शाळेत. आणि एक जण रिक्षा चालवितो. वर्षातून एकदा एकत्र कोठे तरी जावयाचे, असा आमचा परिपाठ. पुढे मोटार भाड्याने घेणे आले, मग मुक्काम आला, मग चांगल्या हॉटेलातील मुक्काम आला. रिक्षावाला मित्र मात्र तीन वर्षे आला नाही. एकदा पाहुणे आले होते, एकदा पोट बिघडले होते, एकदा रिक्षाचे काम निघाले होते. कारणे सगळी बिनतोड होती. गेल्या हिवाळ्यात तो स्वतःच म्हणाला, "मास्तर, पावागडला जाऊ. एस.टी.ने जाऊ, भाकरी घरची नेऊ. मी येतो." त्या शेवटच्या दोन शब्दांत सारा खुलासा होता.

सहलीचा खर्च म्हणजे केवळ खिशातून निघणारे पैसे, अशी पगारदार माणसाची समजूत असते. महिन्याच्या पगाराला एका दिवसाच्या रजेने भोक पडत नाही. ज्याची कमाई रोजची, त्याला मात्र बसच्या तिकिटापेक्षा बुडालेला दिवस महाग पडतो. आणि दोन दिवसांच्या सहलीत तो दोनदा बुडतो. म्हणून मित्रमंडळींनी बेत आखताना प्रथम दिवस ठरवावा आणि मग डोंगर. रविवार हा रिक्षाच्या कमाईचा दिवस. तो आम्ही टाळला. जानेवारीतील एक मधला वार, ज्या दिवशी शाळेला सुटी होती, तो निवडला. त्या दिवशी रिक्षा त्याच्या पुतण्याने चालविली. बँकेतल्या मित्राला रजा काढावी लागली, ती त्याने काढली.

वर्गणी माणशी 250 रुपये ठरली. ही रक्कम सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाने सुचवावी आणि इतरांनी ती मुकाट्याने मान्य करावी, अशी माझी सूचना आहे. पैसे आदल्या दिवशी एकाच्या हाती जमा करावे. वाटेत कोणीही स्वतःच्या खिशात हात घालू नये. दिसावयास ही गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु "राहू दे, मी देतो" हे वाक्य ज्याला कधीच उच्चारता येत नाही, त्याला ते दिवसातून सहा वेळा ऐकावे लागणे किती जड जाते, याचा विचार आपण करीत नाही.

आता डोंगराकडे वळू. पावागडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच आहे आणि भोवतालच्या सपाटीवरून सातशे मीटरांच्या आसपास चढावे लागते. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट सुमारे पाच किलोमीटरांची. अशा चढणीस किती वेळ लागेल, याचा एक जुना ठोकताळा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये तो सांगितला. सपाटीवरील पाच किलोमीटरांस एक तास धरावा, आणि चढाच्या दर सहाशे मीटरांस आणखी एक तास मिळवावा. त्याप्रमाणे पावागडास दोन तासांहून थोडा अधिक वेळ येतो. पण नेस्मिथने हा हिशेब सराव असलेल्या, धडधाकट चालणाऱ्यांसाठी मांडला होता. खुर्चीवर बसून चाळिशी ओलांडलेल्यांनी त्याची दीडपट धरावी. आम्हांला सव्वातीन तास लागले, त्यांतला काही वेळ सीताफळांच्या झाडांखाली गप्पांत गेला.

पहाटेची बस हालोलवरून चांपानेरला पोहोचते, तेव्हा समोर उभा राहतो तो डोंगर एकसंध दिसत नाही. पायऱ्यापायऱ्यांनी रचल्यासारखा दिसतो. त्याचे कारण भूगर्भात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे जे थरावर थर पसरले, त्यांच्या उत्तरेकडील सीमेजवळचा हा एक अवशेष. सह्याद्रीप्रमाणे येथेही खालचे थर काळ्या बेसाल्टचे आहेत. माथ्यावर मात्र रायोलाइट नावाचा, सिलिकेचे प्रमाण अधिक असलेला कठीण खडक आहे. भोवतालचा मऊ भाग झिजून गेला, हा टणक मुगुट टिकला, आणि म्हणून सपाट मुलखात हा डोंगर असा एकटा उरला.

ज्या डोंगराला निसर्गानेच कडे दिले, त्यावर किल्ला होणार हे उघड आहे. खीची चौहानांचे राज्य येथे होते. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने सुमारे वीस महिने वेढा घालून 1484 मध्ये हा गड घेतला आणि पायथ्याशी चांपानेर ही आपली राजधानी वसविली. तिच्यातील जामी मशीद आजही पाहणाऱ्याला थक्क करते. पुढे 1535 मध्ये हुमायूनने हा किल्ला घेतला, ती हकीकत चढणाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावी. किल्ल्यातील लोकांना चोरवाटेने धान्य व तूप विकून परतणारे काही रानातले लोक त्याच्या हाती लागले. त्यांच्याकडून त्याने जागा समजून घेतली आणि रात्री कड्यात लोखंडी मेखा ठोकून थोड्या निवडक माणसांनिशी तो स्वतः वर चढला. त्याच्या अगोदर चढलेल्यांत बैरामखान होता. आम्हांला मेखांची गरज पडली नाही, पण एका अरुंद वळणावर खाली डोकावताना आमचा दुकानदार मित्र म्हणाला, "हे काम मला पगार देऊनही होणार नाही." हुमायूनच्या स्वारीनंतर राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली आणि चांपानेरवर रान माजले. अठराव्या शतकात गड शिंद्यांकडे आला. 1803 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याच वर्षाअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत दिला. ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांना या गडाविषयी थोडी आपुलकी वाटावयास हरकत नाही. चांपानेर-पावागड हे स्थळ 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पायवाट गडाच्या एकामागून एक दरवाजांतून वर जाते. पहिला अटक दरवाजा. नावातच त्याचे काम सांगितलेले आहे. दरवाजा समोर दिसत नाही, तो वळणाआड असतो. म्हणजे धावत आलेल्या शत्रूला तेथे वेग आवरावा लागतो आणि वरच्या तटावरून त्याच्यावर मारा करता येतो. चढून दमलेल्या माणसाला हे तत्त्व पुस्तकापेक्षा फार लवकर पटते. मध्यावर माची नावाचे सपाट पठार लागते. येथपर्यंत एस.टी.ची बस येते, आणि येथून वर 1986 पासून रज्जुमार्ग आहे.

रज्जुमार्गाविषयी नाक मुरडणारे लोक मला ठाऊक आहेत. आमच्यापैकी एकाला रक्तदाबाचा विकार आहे आणि डॉक्टरांनी त्याला चढण वर्ज्य केली आहे. तो चांपानेरहून बसने माचीस व तेथून रज्जुमार्गाने वर गेला. त्याचे तिकीट कोणी काढावे, असा प्रश्न निघाला. तो म्हणाला, हा माझा जादा खर्च, मी देतो. तेव्हा रिक्षावाला मित्र थोडा रागावूनच म्हणाला, "जादा कसला? सात जण वर जायचे ठरले ना? मग सात जण वर जायला जो लागेल तो खर्च." तिकीट सामाईक पैशांतूनच निघाले. कमी खर्चाची सहल आणि चिक्कूपणाची सहल यांतला फरक त्याने जेवढ्या थोडक्यात सांगितला, तेवढा मला सांगता आला नसता.

माचीच्या वर पायऱ्या खड्या होतात, दुकाने वाढतात आणि यात्रेकरूंची दाटी होते. येथे घाई करणारा हमखास दमतो. बोलता येईल इतक्याच गतीने चढावे. वाक्य पुरे करण्यापूर्वी धाप लागली, तर गती जास्त झाली असे समजावे. वर दुधिया व छाशिया अशी नावे असलेले तलाव आहेत. नद्या उगम पावतात त्या माथ्यावर माणसांनी पाणी अडवून ठेवले, धान्याची कोठारे बांधली, म्हणून तर वेढा वीस महिने चालला. तलावाजवळच लकुलीशाचे देवालय आहे. ते गडावरील सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. जैनांची मंदिरे आहेत, अगदी माथ्यावर कालिकामातेचे मंदिर आहे, आणि त्याच्याजवळ सदनशाह पीराचा दर्गा. मंदिराचे नवे शिखर 2022 मध्ये पुरे झाले. मी ख्रिस्ती आहे. वहाणा काढून मी एका बाजूस उभा राहिलो, आणि एका म्हाताऱ्या बाईंनी माझी विचारपूस न करता माझ्या हातावर प्रसाद ठेवला. वर हवा खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते, कारण दर हजार मीटरांस साधारण साडेसहा अंश उष्णता कमी होते. घामाने भिजलेल्या अंगाला तो वारा बाधतो. म्हणून पिशवीत एक जाडसा सदरा असावा.

खाण्याविषयी फार सांगत नाही. दशम्या, थालीपीठ, शेजारच्या गुजराती घरातून आलेले थेपले, गूळ व भाजलेले शेंगदाणे एवढ्यावर सात माणसे तृप्त झाली. पाणी माणशी दोन ते तीन लिटर घ्यावे. घामावाटे मीठही जाते, तेव्हा एका बाटलीत लिंबू, साखर व चिमूटभर मीठ घालावे. वानरे पिशवी ओळखतात. खाद्यपदार्थ उघडे हातात धरून चालू नये. नवी पादत्राणे त्या दिवशी प्रथमच घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण. जुने, चांगल्या तळाचे कापडी बूट सर्वांत बरे.

उतरण सोपी, हा समज मात्र घातक आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असता शरीराचा भार रोखून धरतो, एखाद्या ब्रेकसारखा. अशा कामात स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे त्या दिवशी न होता दुसऱ्या दिवशी उमटते. गुडघ्यांवरही भार वाढतो. म्हणून पावले लहान टाकावी, गुडघा किंचित वाकवून ठेवावा, आणि तरुणांच्या नादी लागून उड्या मारू नयेत. आमचा बँकवाला मित्र दुसऱ्या दिवशी कचेरीचा जिना आडवा चालून उतरला, असे त्यानेच सांगितले.

पावसाळ्यात डोंगर अतिशय सुंदर दिसतो, परंतु पायऱ्या शेवाळतात आणि धुके अचानक येते. उन्हाळ्यात खडक तापतो. चैत्र व आश्विनातील नवरात्रांत तेथे इतकी गर्दी होते की सहलीसाठी जाणाराने यात्रेकरूंची वाट अडवू नये हेच बरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. परतीच्या बसची वेळ सकाळी उतरल्याबरोबर विचारून कागदावर टिपून ठेवावी. आणि जामी मशीद उतरल्यावर पाहावी, चढण्यापूर्वी नव्हे. सकाळची थंड वेळ चढणीसाठी राखावी आणि थकलेल्या पायांना मशिदीच्या खांबांमधील सावली द्यावी.

इंदूरकरांना असाच जानापाव आहे, बेळगावकरांना राजहंसगड. तेथे जाणारांनी अंतरे व बसगाड्या आपापल्या ठिकाणी पाहून घ्याव्या. वर्गणीचा हिशेब सगळीकडे सारखाच लागू पडेल. आमचा हिशेब बडोद्याच्या बसस्थानकावर, चहा घेता घेता झाला. बसभाडे, मशिदीचे तिकीट, रज्जुमार्ग, दोनदा लिंबूपाणी आणि हा चहा वजा जाता शंभराची एक नोट व थोडी नाणी उरली. ती रिक्षावाल्या मित्राकडे ठेवली आहेत. पुढच्या जानेवारीच्या वर्गणीतून ती वळती करावयाची आहेत, आणि वार त्यानेच ठरवावयाचा आहे.