भैरवगढच्या छपरावरचा सूर्य

उज्जैनजवळ शिप्रेच्या काठी, काळभैरवाच्या देवळाच्या परिसरात भैरवगढची छिपांची, म्हणजे कापड छापणाऱ्या कारागिरांची, वस्ती आहे. २०२३ साली उज्जैनच्या ज्या बाटिकला (मेणाने नक्षी झाकून कापड रंगवण्याच्या कलेला) भौगोलिक मानांकन मिळालं, ते काम इथे घराघरात चालतं. अशा एका घरातली पत्र्याची कामाची खोली नव्याने बांधायची, मे महिन्यातही तिथे काम होईल अशी करायची, तर सुरुवात कुठून करावी? याचं उत्तर शोधताना मेण, रंग आणि आकाशातला सूर्य अशी तिन्ही गणितं एकमेकांत गुंतलेली दिसतात, आणि मन थक्क होतं.

कारागीर बुटक्या टेबलावर वाळूचा थर पसरतो, त्यावर कापड घालतो. वितळलेल्या मेणात कलम बुडवून रेघ ओढली की मेण धाग्यांत शिरतं आणि खालची वाळू त्याची उष्णता ओढून घेते. रेघ पसरायच्या आत थिजते! मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडतं. बाटिकची ओळख असलेल्या बारीक भेगा मात्र मेणातलं पॅराफिन कडक असेल तरच नीट पडतात. तापलेल्या पत्र्याखाली दुपारी कापड चुरगाळलं, तर मेण तडकण्याऐवजी नुसतंच लवतं.

रंगांची गंमत तर आणखी मोठी. नॅप्थॉलमध्ये बुडवलेल्या कापडावर रंग असा दिसतच नाही. तेच कापड दुसऱ्या भांड्यातल्या क्षाराच्या द्रावणात घातलं की डोळ्यांदेखत लालभडक होतं, कारण रंगाचा रेणू तिथल्या तिथे, धाग्याच्या आत तयार होतो. हा क्षार उष्णतेने विघटित होतो, म्हणून द्रावण थंडच हवं. म्हणजे एकाच घरात मेण सतत तापतं ठेवायचं आणि रंगाला झळही लागू द्यायची नाही.

आता सूर्याकडे पाहू. उज्जैन २३ अंश ११ मिनिटांच्या अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. २१ जूनला भर दुपारी सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून जेमतेम पाव अंश दूर असतो, आणि सूर्याची तबकडीच अर्ध्या अंशाची आहे. इथल्या वेधशाळेतल्या शंकूची सावली त्या वेळी जवळपास नाहीशी होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यातही फरक तीन-चार अंशांचाच. म्हणजे दुपारचं ऊन दक्षिणेच्या भिंतीला नुसतं चाटून जातं आणि सगळा मारा छपरावर होतो. म्हणून माझं मत ठाम आहे: पैसे मोजकेच असतील तर ते आधी छपरावर घालावेत, भिंतींचं नंतर पाहावं. त्यातही आधी पश्चिमेची, कारण उतरतं ऊन तिच्यावर थेट येतं.

पत्र्याचं पोलाद उष्णता स्थिर हवेच्या जवळपास दोन हजार पट सहज वाहून नेतं. रॉकवूल, थर्माकोल यांची करामत एवढीच, की ती हवेला बारीक पोकळ्यांत अडकवून ठेवतात. पण इथे थर्माकोल नकोच. मेण पेट घेतं, आणि थर्माकोलही भराभर पेटून काळा धूर ओकतो. रॉकवूल वितळलेल्या दगडाचं असल्याने जळत नाही. पत्र्याखाली ते घालावं, खालून सिमेंटच्या पातळ शीटने झाकावं. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला की बरंचसं ऊन आत शिरण्याआधीच परतवलं जातं. स्लॅब असेल तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक उत्तम.

खोलीचे दोन भाग करावेत, मध्ये विटांची भिंत घालावी. मेणाच्या भागात उंचावर झरोका हवाच, नाहीतर उष्णता रोखायच्या नादात धूर कोंडेल. रंगाची भांडी उत्तरेच्या बाजूला ठेवावीत. मेण काढायची भट्टी मात्र अंगणातच बरी. तिथे उकळत्या पाण्यात मेण कापडापासून सुटून वर तरंगतं आणि ते गोळा करून पुन्हा वापरतात. ही भट्टी खोलीच्या पूर्वेला घालावी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे वाफ आणि धूर खोलीपासून दूर जातील.