टेल्युरियमची अकार्बनी संयुगे : गणसाम्याच्या मर्यादा

ट्रान्सिल्व्हानियातील सुवर्णखनिजांचे परीक्षण करीत असता १७८२ साली म्यूलर फोन राइखेनश्टाइन यांना एका नव्या मूलद्रव्याचा सुगावा लागला. १७९८ साली क्लाप्रोथ यांनी त्याच्या अस्तित्वाला दुजोरा दिला आणि पृथ्वीवाचक लॅटिन शब्दावरून त्यास टेल्युरियम हे नाव दिले. ऑक्सिजन, गंधक व सिलिनियम यांच्याच गणात ते पुढे बसविले गेले. तथापि गंधकाच्या रसायनावरून टेल्युरियमच्या संयुगांविषयी अनुमान बांधू गेल्यास ते अनेकदा चुकते. हे साम्य कोठपर्यंत टिकते व कोठे तुटते, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम आवर्त सारणीतील त्याच्या स्थानाचाच प्रश्न उपस्थित झाला. टेल्युरियमचा अणुभार १२७.६० असून आयोडिनाचा १२६.९० आहे. अणुभाराच्या क्रमाने मांडणी केल्यास आयोडीन गंधकाच्या गणात आणि टेल्युरियम क्लोरिनाच्या गणात जाईल. परंतु दोहोंच्या संयुगांचे गुणधर्म पाहता हे सर्वथा अग्राह्य ठरते. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांना प्राधान्य दिले आणि टेल्युरियमचा अणुभार १२३ ते १२६ च्या दरम्यान असावा, प्रचलित आकडाच सदोष असावा, असे मानले. प्राग येथे ब्राउनर यांनी दीर्घकाळ परिश्रम करूनही तो अपेक्षेप्रमाणे कमी भरला नाही. स्थान बरोबर होते, त्याचे दिलेले कारण मात्र चुकीचे होते. अणुक्रमांक हाच क्रमाचा खरा आधार असल्याचे १९१३ साली मोस्ले यांनी क्ष-किरण वर्णपटांवरून दाखविल्यानंतर हा पेच सुटला. निसर्गातील टेल्युरियमचा सुमारे दोनतृतीयांश भाग १२८ व १३० या जड समस्थानिकांचा असतो, तर आयोडिनाचा १२७ हा एकच स्थिर समस्थानिक आहे. अणुभारांचा क्रम उलटण्याचे कारण हेच होय.

सहा संयुजेच्या अवस्थेत गंधक व टेल्युरियम यांतील भेद विशेष स्पष्ट होतो. सल्फ्युरिक आम्लात गंधकाभोवती ऑक्सिजनाचे चार अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात आणि ते आम्ल तीव्र असते. टेल्युरिक आम्लात मात्र टेल्युरियमच्या अणूभोवती सहा हायड्रॉक्सिल गट अष्टफलकी मांडणीत असतात. टेल्युरियमचा अणू मोठा असल्याने सहा गटांस जागा मिळते. शिवाय ऑक्सिजनाशी द्विबंध करण्याची त्याची प्रवृत्ती क्षीण असते. परिणामी हे आम्ल इतके सौम्य असते की, त्याच्या पहिल्या विगमनाचा पीके ७.७ च्या आसपास येतो. रचनेच्या दृष्टीने त्याचे जवळचे आप्त सल्फ्युरिक आम्ल नसून शेजारच्या आयोडिनाचे परआयोडिक आम्ल होय. हेक्साफ्ल्युओराइडांतही हेच दिसते. गंधकाचे संयुग पाण्याला दाद देत नाही. टेल्युरियमच्या संयुगाचे पाण्याने सावकाश विघटन होऊन टेल्युरिक आम्ल बनते, कारण त्याच्या मोठ्या अणूपर्यंत पाण्याचा रेणू पोहोचू शकतो.

हायड्राइडांच्या बाबतीत क्रम उलट दिसतो. हायड्रोजन सल्फाइड हे क्षीण आम्ल आहे. हायड्रोजन टेल्युराइडाचा पीके सुमारे २.६ असून ते ॲसेटिक आम्लापेक्षाही तीव्र आहे. जड अणूचा हायड्रोजनाशी असलेला बंध दुर्बल असतो, हे याचे प्रमुख कारण. त्याच कारणाने हा विषारी वायू अस्थिर असतो आणि त्यापासून मूळ टेल्युरियम सहज वेगळे होते.

चार संयुजेच्या अवस्थेतील डायऑक्साइड व्यवहारात महत्त्वाचे आहे. सल्फर डायऑक्साइड वायू आहे. टेल्युरियमचे डायऑक्साइड त्रिमितीय जालरचनेचा घन पदार्थ असून पाण्यात अत्यल्प विरघळते. ते उभयधर्मी असल्याने तीव्र आम्लात व अल्कलीत, दोहोंतही विरघळते. तांब्याच्या विद्युत् शुद्धीकरणात धनाग्राखाली साचणाऱ्या गाळातून टेल्युरियम मिळविताना याच गुणाचा उपयोग होतो. हा गाळ सोडियम कार्बोनेटाबरोबर हवेत भाजल्यास सिलेनाइट व टेल्युराइट ही लवणे तयार होतात. त्यांचा जलीय विद्राव सल्फ्युरिक आम्लाने उदासीन करताच टेल्युरियम डायऑक्साइडाचा साका खाली बसतो आणि सिलिनियम विद्रावातच राहते. गणबंधूंमधील हा फरक नसता, तर त्यांना वेगळे करणे कितीतरी कष्टाचे झाले असते.

शेवटी एका जुन्या निरीक्षणाचा उल्लेख आवश्यक आहे. टेल्युरियमची पूड संहत सल्फ्युरिक आम्लात टाकली असता लाल विद्राव मिळतो आणि त्यात पाणी घालताच रंग जाऊन काळे टेल्युरियम खाली बसते, हे क्लाप्रोथ यांच्या काळापासून ज्ञात होते. परंतु तो रंग कशाचा, याचा उलगडा १९६० नंतरच्या दशकात झाला. चार टेल्युरियम अणूंचा व दोन धन विद्युत् भारांचा तो एक समतल, चौरस आयन आहे. त्यातील बंधाची लांबी सुमारे २.६७ आंगस्ट्रॉम असून मूलद्रव्याच्या साखळीतील २.८४ आंगस्ट्रॉमपेक्षा ती कमी आहे. यावरून बंध एकेरीहून काहीसा बळकट असल्याचे दिसते. प्रत्येक अणूच्या वाट्याला अर्धा भार येतो. पाठ्यपुस्तकातील उणे दोन, चार व सहा या ठरावीक अवस्थांत त्याला स्थान नाही.

तात्पर्य, गण हा अनुमानाचा आरंभ होऊ शकतो, निर्णय नव्हे. अणूचा आकार, बंधाचे बळ व एकाकी इलेक्ट्रॉन-युग्म यांचा विचार केल्याखेरीज गंधकाचे नियम टेल्युरियमला लावता येत नाहीत. आणि जेथे ते लागू पडत नाहीत, तेथेच त्याच्या रसायनाचे वैशिष्ट्य प्रकट होते.