रंगवलेला जिल्हा काय सांगतो?

नकाशा समोर आला की आपण आधी रंग पाहतो. सूची नंतर वाचतो, कधी वाचतही नाही.

एक उदाहरण घेऊ. ३० एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने कोरोनासाठी जिल्ह्यांची वर्गवारी केली: देशात १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. महाराष्ट्रातले १४ लाल. आता ही यादी नकाशावर रंगवू. यवतमाळ लाल, मुंबईही लाल. यवतमाळचं क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २८ लाख. मुंबईचे दोन जिल्हे मिळून जवळपास सव्वा कोटी माणसं, पण नकाशावर टिंबाएवढी! डोळा इथे जमीन मोजतो, माणसं सुटून जातात.

दुसरं असं, की अख्खा जिल्हा एका रंगात भरला की रुग्ण शहरात असले तरी लांबच्या तालुक्यातलं गावही लालच दिसतं. आणि केंद्राच्या नियमांत सलून उघडणार का, बस धावणार का, हे याच रंगावर ठरत होतं.

मग करायचं काय? संख्या दाखवायची असेल तर त्या प्रमाणात लहानमोठी वर्तुळं काढू. रंगच भरायचा असेल तर दर लाख लोकांमागचं प्रमाण घेऊ, तेही जमेल तर तालुकावार. शिवाय लाल-हिरव्याऐवजी एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा बऱ्या; लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोकही नकाशा वाचतात.