हातास मार लागल्यावर बोटें कां सुजतात?

बांधाचा दगड निसटून, बैलांचें जूं उतरवितांना किंवा ट्रॅक्टरला नांगर जोडतांना हातावर मुका मार बसणें शेतकऱ्यास नवें नाहीं. चमत्कार असा कीं, मार बसतो मनगटावर किंवा पंजाच्या पाठीवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सुजून काळींनिळीं होतात तीं बोटें. मग घरांत कोणी कढत तेलानें चोळूं लागतो, कोणी हात आवळून बांधतो. म्हणून ह्याचें कारण आम्ही येथें देत आहों.

खडकवासल्याच्या कालव्याखालील बागाइतदारांस हें समजावयास कठीण नाहीं. कालवा वरून वाहतो, परंतु त्याचा पाझर निघतो उताराच्या वावरांत. तीच गत हाताची. मारानें केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. हात लोंबता ठेविला म्हणजे सांडलेलें रक्त व पाझरलेलें पाणी उतरून बोटांत सांचतें. तें जिरतांना जांभळा डाग हिरवट, पुढें पिवळट होऊन बहुधा दोन आठवड्यांत जातो. तेवढ्यावरून बोट सडलें असें समजूं नये.

उपाय सोपे आहेत. अंगठी व कडें सूज चढण्यापूर्वींच काढावें. साबण लावूनही अंगठी न निघाल्यास कापवून घ्यावी, सोन्याहून बोट मोलाचें. पहिले दोन दिवस फडक्यांत गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी पंधरा-वीस मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां ठेवावी. हात छातीहून उंच ठेवावा, निजतांना उशीवर. शेक व चोळणें ह्या दिवसांत वर्ज्य. हाड शाबूत असल्याची खात्री झाल्यावर बोटांची उघडमीट करीत राहावें, नाहीं तर सांधे आंखडतात.

मात्र प्रत्येक सूज निरुपद्रवी नसते. मूठ वळतांना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल किंवा बोट सरळ होत नसेल, तर हाड अथवा शीर दुखावली असण्याचा संभव आहे. क्ष-किरणाचें चित्र काढविल्यावांचून हाडवैद्याच्या कामट्या बांधूं नयेत. बोट पांढरें, थंड वा बधिर पडलें, कळ वाढतच गेली, किंवा नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत लाली परतली नाहीं, तर रक्ताची वाट कोंडली आहे असें समजावें. आवळलेलें बंधन तत्काळ सोडावें व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून पुण्यास ससूनसारखें मोठें रुग्णालय गांठावें. रक्त तुटलेले स्नायू कांहीं तासांतच मरूं लागतात. तेथें उद्यांची वाट पाहणें म्हणजे हात गमावणें होय. कातडी फाटली असल्यास धनुर्वाताच्या लशीविषयीं विचारावें, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें.

शेवटीं एक दप्तरी सूचना. इजा केव्हां, कशानें व कोठें झाली, सूज कधीं चढली, ह्याची पंचनाम्याप्रमाणें नोंद घरीं करून ठेवावी. डॉक्टरांस निदान करण्यास तिचा मोठा उपयोग होतो.