दाद आहे, मत नाही

फेब्रुवारी २०१९मध्ये अबू धाबीच्या न्याय विभागाने कामगार खटल्यांसाठी अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी आणली. पगार थकलेल्या गवंड्याला आपला दावा हिंदी अर्जावर मांडता येऊ लागला. तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात त्या संयुक्त अरब अमिराती या संघराज्यात ही सोय मोठीच. मात्र त्याच गवंड्याने सोबत्यांना घेऊन युनियन काढायचे ठरवले, तर कायद्यात त्याला जागा नाही.

देश श्रीमंत झाला की लोकशाही रुजण्याची शक्यता वाढते, अशी मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सीमूर मार्टिन लिप्सेट यांनी १९५९मध्ये केली. तेलाच्या देशांनी हा आडाखा चुकवला. हाझेम बेब्लावी आणि जाकोमो लुचियानी या अभ्यासकांनी १९८७मध्ये त्याचे कारण सांगितले: तिजोरी जनतेच्या करावर नव्हे तर तेलावर भरत असेल, तर राज्यकर्त्यांना जनतेपुढे हिशेब ठेवण्याची निकड उरत नाही.

दुबईकडे तेल मात्र बेताचेच. तिला हवे होते बाहेरचे भांडवल, आणि भांडवलदार आधी विचारतो की करार मोडला तर दाद कुठे मागायची? त्यासाठी २००४मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या राज्यघटनेतच दुरुस्ती झाली. दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर या सुमारे ११० हेक्टरच्या परिसराला स्वतःचे दिवाणी आणि व्यापारी कायदे मिळाले, इंग्रजीत चालणारे न्यायालय मिळाले. पहिले सरन्यायाधीश होते इंग्लंडमधले निवृत्त न्यायमूर्ती सर अँथनी इव्हान्स.

भांडवलामागून माणसांचे प्रश्नही आले. २००६मध्ये बुर्ज खलिफाच्या बांधकामावरच्या मजुरांचा उद्रेक जगभर गाजला. २००९पासून पगार बँकेमार्फत देण्याची, म्हणजे सरकारला तपासता येईल अशी पद्धत सुरू झाली. २०२२च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या कामगार कायद्याने मालकाला कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला मनाई केली.

मध्यमवर्गीय परदेशस्थांसाठीही वाट निघाली. १ फेब्रुवारी २०२३पासून बिगरमुस्लिमांसाठी वेगळा कौटुंबिक कायदा आहे. दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. मृत्युपत्र नसेल तर निम्मी मालमत्ता जोडीदाराला आणि उरलेली मुला-मुलींना सारखी, अशी त्यातली वाटणी आहे.

मताचे काय? फेडरल नॅशनल कौन्सिलमध्ये ४० सदस्य, आणि काम सल्ल्याचे. २००६पासून निम्मे सदस्य निवडून येतात, पण मतदार कोण हे त्या त्या अमिरातीचे शासक ठरवतात. पहिल्या निवडणुकीत मतदार सात हजारही नव्हते. २०२३मध्ये यादी चार लाखांच्या जवळ पोहोचली. मार्च २०११मध्ये १३३ नागरिकांनी सर्वांना मताधिकार आणि कायदे करणारे कौन्सिल मागितले. त्यानंतर धरपकड झाली, आणि २०१३मध्ये ९४ जणांवर चाललेल्या खटल्यात ६९ जणांना शिक्षा झाली.

गुंतवणूकदारांसाठी उघडलेले न्यायालयाचे दार पुढे नागरिकही वापरतात, हे तामीर मुस्तफा या अभ्यासकाने इजिप्तच्या घटनात्मक न्यायालयाबाबत २००७मध्ये दाखवले. दुबईत तशी फट ठेवलेलीच नाही. फायनान्शियल सेंटरचे न्यायालय दिवाणी आणि व्यापारी वादच ऐकते. फौजदारी कायदा तिथेही संघराज्याचाच. तिथल्या कचेरीतला कर्मचारी थकलेल्या बोनससाठी इंग्रजीत दावा लावू शकतो. त्याच टेबलावरून टाकलेली सरकारविरोधी पोस्ट मात्र संघराज्याच्या सायबर गुन्हे कायद्याखाली येते.